एकशे आठ पीस आणि एक बोल्ट

एकशे आठ पीस! काळा चकचकीत बॉक्स, आत लाल फोममध्ये ओळीनं बसवलेल्या गोट्या आणि वर ऑनलाइन सेलचं घसघशीत डिस्काउंट. सांगा बॉस, कोण नाही म्हणेल? मीही नाही म्हटलं नाही. रोज कोथरूड ते हिंजवडी बाइकवर जाणारा माणूस मी. सर्व्हिसिंगला गाडी सोडायची म्हणजे शनिवार गेलाच. म्हटलं, ऑइल बदलणं, चेन ताणणं, प्लग साफ करणं एवढं तर घरच्या घरी जमेल. यूट्यूब आहेच की!

गाडी बाबांची. २००६ ची स्प्लेंडर प्लस. गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्यांनी साताऱ्याहून ती माझ्याकडे धाडली. पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत रीतसर री-पासिंग करून घेतलेली, टाकीवर एक ओरखडा नाही. दर रविवारी त्यांचा फोन येतो आणि माझ्या तब्येतीच्या आधी गाडीची चौकशी होते.

तर अशाच एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी मेन स्टँडला लावली, ऑइल काढलं, ड्रेन बोल्ट परत बसवला. गळायला नको म्हणून आणखी थोडा आवळला. मग आणखी थोडा. बॉक्समधलं रॅचेट चांगलं लांबलचक, त्यामुळे जोर लागतोय हे हाताला कळतच नव्हतं. आणि एकाएकी पाना हलका झाला. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांच्या पोटात आत्ता गोळा आला असेल. आटे गेले!

गाडी ढकलत गॅरेजला नेली. मेकॅनिकनं खाली वाकून बघितलं आणि विचारलं, ‘‘भाऊ, पान्याला लटकला होतात का?’’ बोल्ट स्टीलचा, इंजिनाचं केसिंग अॅल्युमिनियमचं. जास्त आवळलं की बोल्टाला काही होत नाही, केसिंगमधले आटे मात्र सोलवटून निघतात. त्यानं मोठे आटे पाडून ओव्हरसाइज बोल्ट बसवून दिला. पैसे गेले त्याचं एवढं नाही. त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, ‘‘गाडी एकदम मस्त.’’ ते जास्त लागलं.

पुढच्या शनिवारी बोहरी आळीत गेलो. पुण्यात हार्डवेअर म्हणजे रविवार पेठेतली ही गल्ली. दुकानदाराला म्हटलं, चांगला टूलकिट दाखवा. त्याचा पहिला प्रश्न, ‘‘गाडी कुठली?’’ बॉक्स घेताना हा प्रश्न मला पडलाच नव्हता. मी फक्त पीस मोजले होते. त्या एकशे आठमधले निम्म्याहून जास्त माझ्या गाडीला कधी लागणारच नव्हते. काही तर इंचाच्या मापाचे. आपल्या गाडीचे बोल्ट मिलिमीटरमध्ये, त्यावर इंचाची गोटी ‘जवळपास’ बसते आणि कोपरे खाऊन टाकते.

जपानी वळणाच्या आपल्या बऱ्याचशा बाइकना ८, १०, १२, १४, १७ आणि १९ एवढी मापं आली की घरचं बहुतेक काम भागतं. मी नाशिकच्या टपारियाचे सहा पाने सुटे घेतले, एका टोकाला रिंग आणि दुसऱ्या टोकाला फिक्स असलेले. घट्ट बोल्ट सोडवताना आधी रिंग लावायची, कारण ती सगळ्या कोपऱ्यांना धरते. फिक्सचं टोक दोनच बाजूंना धरतं, त्यामुळे ते सैल झालेला बोल्ट भरभर फिरवायला. चेन ताणताना अॅक्सलच्या दोन्ही बाजूंना पाने लागतात, तेव्हा घेण्याआधी दोन्हीकडची मापं बघून घ्या. गोट्या घ्यायच्या तर सहा कोनी घ्या. बारा कोनी गोटी पटकन बसते, पण झिजलेल्या बोल्टावर तितक्याच पटकन घसरते. आणि १० चा एक टी पाना हवाच. प्लगचा पाना मात्र गाडीप्रमाणे बदलतो. माझ्या प्लगला १६ चा लागतो, शेजारच्या बुलेटवाल्याचा मागून आणून उपयोग नाही.

स्टार स्क्रू ड्रायव्हर हा वेगळाच फंडा आहे. जपानी पद्धतीच्या स्क्रूची खाच नेहमीच्या फिलिप्सपेक्षा जरा निराळी असते. बऱ्याचदा स्क्रूच्या डोक्यावर एक बारीक ठिपका दिसतो, ती खूण. त्यात साधा स्टार घातला की जोर लावताना तो वर उसळतो आणि खाच गुळगुळीत होते. जेआयएस लिहिलेला एक चांगला ड्रायव्हर घ्या. महाग वाटेल, वाटू दे.

आता टॉर्क रेंच. ठरावीक जोर झाला की हा ‘टक्’ करतो आणि तुम्ही थांबता. मी इथे पुन्हा फसणार होतो, कारण हात गेला तो भल्यामोठ्या रेंचकडे. तो कारच्या चाकांसाठी. बाइकवरच्या १० च्या पान्याच्या छोट्या बोल्टांना साधारण १० न्यूटन मीटर पुरतं आणि मोठा रेंच इतक्या खाली भरवशाचा नसतो. छोटा घ्या, किती आवळायचं ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा, काम झालं की सेटिंग सगळ्यात खाली आणून ठेवा. आणि त्यानं बोल्ट सोडवू नका, प्लीज. हातोडी, पकड वगैरे घरात असतेच, त्यावर खर्च नको.

एवढं सगळं मिळून बिल त्या बॉक्सपेक्षा जास्त झालं. बॉक्स आता बेडखाली आहे. फर्निचर जोडायला बरा पडतो.

दिवाळीला बाबा पुण्यात आले. चहा व्हायच्या आत पार्किंगमध्ये. गुडघ्यामुळे खाली बसता येत नाही, म्हणून वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि मोबाइलचा टॉर्च लावून इंजिनाखाली वाकून बघितलं.

‘‘हा बोल्ट आपला नाही.’’

मग सगळं सांगून टाकलं. बॉक्स, रॅचेट, गॅरेज आणि त्या रविवारचा फोनसुद्धा. ते ऐकत होते, टॉर्च तसाच चालू.

‘‘वायसर नवीन घातला होतास?’’

‘‘नाही. जुनाच.’’

‘‘म्हणून गळायची भीती वाटली तुला,’’ ते म्हणाले. टॉर्च चेनकडे वळला. ‘‘ही पण ढिली वाटतेय. तुझे पाने आण बघू.’’