जुना टेम्पो घेताना

आपल्या संस्थेच्या अनेक सभासदांची मुले आता नोकरीची वाट पाहत न बसता वायरिंग, प्लंबिंग, फॅब्रिकेशन, मंडप अशा धंद्यांत उतरली आहेत, ही समाधानाची बाब आहे. काम वाढले की सामान वाहायला गाडी लागते. नवी परवडत नाही, म्हणून जुना डिझेल टेम्पो शोधला जातो. तो पाहायला जाताना मेकॅनिकला सोबत नेतात. कागद वाचणाऱ्याला मात्र कुणी नेत नाही. बँकेत बसून आम्ही जे पाहतो त्यावरून सांगतो, पैसे बुडतात ते बहुधा कागदांत.

आरसी बुकावर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. "चारच हप्ते राहिलेत, तेवढे तुम्ही भरा, नोटरी करून देतो," असे विकणारा गोड बोलून सांगतो. नोटरीच्या कागदाने गाडी नावावर होत नाही. हप्ते थकले की वसुलीवाले ती आपल्या दारातून नेतात, आणि आपण मोजलेल्या रोख रकमेला पुरावा उरत नाही. म्हणून बाकी रक्कम थेट त्या कर्जखात्यात भरावी, पावती घ्यावी. बँकेचे ना हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा नमुना ३५ हातात आल्यावरच उरलेले पैसे चेकने द्यावेत.

नाव बदलण्यासाठी नमुना २९ व ३० लागतात. या कामात विकणाऱ्याचाही फायदा आहे. नोंद ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाई त्याच्यावर, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे. हे समजावले तर तोही आरटीओत यायला टाळाटाळ करत नाही. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करावा. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागते. तिची तारीख व थकलेली चलाने आधीच तपासावीत. घरातल्या कॉलेजच्या मुलांनी हे कागद वडिलांना वाचून दाखवावेत. शिक्षणाचा एवढा उपयोग घरी व्हायलाच हवा!

आता इंजिन. गाडी सकाळी, थंड असताना पाहावी. आधीच गरम करून ठेवली असेल तर शंका घ्यावी. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर काम निघाले समजा. चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण उघडल्यावर जोराने वाफ आली तर मोठा खर्च आहे. हौद्याखाली वाकून चेसिस कुठे गंजली वा वेल्डिंग केलेली आहे का, हेही पाहावे, आणि चेसिस नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून घ्यावा. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांची दुरुस्ती नाक्यावरच्या गॅरेजात होईलच असे नाही, हे भाव करताना ध्यानात ठेवावे.

सगळी पुंजी किमतीतच घालू नये. टायर, बॅटरी, विमा आणि नाव बदलण्याचा खर्च पहिल्याच महिन्यात येतो.