मुक्काम कोणाच्या जमिनीवर?

आफ्रिकेतील सफारीचे नियोजन : लेखांक ४

हंगाम, व्हिसा आणि लसी यांचा हिशेब आधीच्या लेखांत झाला. आता प्रश्न माणसांचा. मुंबई-पुण्याहून केनियाला जाणाऱ्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत मसाई माराच्या मुक्कामात एक ओळ हमखास सापडते : ‘मसाई गावाला भेट (ऐच्छिक)’. दुपारचे जेवण आणि संध्याकाळची सफारी यांच्यामध्ये तासभर वेळ, माणशी काही डॉलर, नाच, फोटो आणि मण्यांच्या माळा. स्थानिक समाजाला भेटलो, त्यांच्या हाती चार पैसे ठेवले, असे समाधान घेऊन पर्यटक परततो. पण त्या समाजाच्या पदरात काय पडणार, हे त्या तासाच्या कितीतरी आधी ठरलेले असते. ते ठरते मुक्कामाचे आरक्षण करताना. म्हणून नियोजनाचा क्रम बदलायला हवा : तंबूत काय सोयी आहेत हे विचारण्याआधी तो तंबू कोणाच्या जमिनीवर उभा आहे, हे विचारावे.

याचे कारण माराच्या नकाशात आहे. मसाई मारा राष्ट्रीय अभयारण्य साधारण 1,510 चौरस किलोमीटरचे, आणि त्याचा कारभार नारोक काउंटीच्या सरकारकडे. जनावरांना मात्र ही हद्द ठाऊक नाही. केनियातील दोनतृतीयांशाच्या आसपास वन्यजीव संरक्षित क्षेत्रांबाहेर राहतात, आणि मारापुरते बोलायचे तर ही बाहेरची जमीन मसाईंची आहे. ती त्यांच्याकडे कशी उरली, हाही इतिहास पाहण्यासारखा आहे. 1904 आणि 1911 च्या करारांनी ब्रिटिशांनी त्यांना रिफ्ट खोऱ्यातून आणि नंतर लायकिपियातून हलवले, तिथे गोरे शेतकरी वसवले आणि मसाईंना दक्षिणेकडे ढकलले. स्वातंत्र्यानंतर 1968 च्या कायद्याने कुरणे गटांच्या सामाईक मालकीची झाली आणि पुढे बहुतेक ठिकाणी त्यांचे तुकडे पडून एकेका कुटुंबाच्या नावावर सातबारा चढावा तशी नोंद झाली. जमीन एकट्याच्या नावावर आली की तिच्यावर कुंपण घालता येते, गहू पेरता येतो, ती विकताही येते. शिकारीवर केनियात 1977 पासून बंदी आहे. तरीही 1977 ते 2016 या काळात देशाच्या कुरणप्रदेशातील वन्यजीवांची संख्या सरासरी 68 टक्क्यांनी घटल्याचे हवाई गणनांवरून दिसून आले आहे. बंदुकीवर बंदी घालून जनावर वाचत नाही. त्याला चरायला आणि फिरायला मोकळी जागा राहावी लागते. आणि ती मोकळी ठेवायची की नाही, हे त्या जागेचा मालक ठरवणार.

मालकाने ती मोकळी का ठेवावी, याला माराने काढलेले उत्तर म्हणजे कॉन्झर्व्हन्सी. 2005-06 पासून अभयारण्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला लगतच्या जमीनमालकांनी आपले तुकडे पुन्हा एकत्र केले आणि ते दीर्घ मुदतीच्या भाडेकराराने पर्यटन कंपन्यांना दिले. 2010 साली स्थापन झालेल्या मारा नाबोइशो कॉन्झर्व्हन्सीत पाचशेहून अधिक मसाई मालकांची मिळून सुमारे 50 हजार एकर जमीन आहे. या व्यवस्थेची मेख भाड्याच्या स्वरूपात आहे. भाडे एकरी ठरलेले असते. पर्यटक कमी आले म्हणून ते कमी द्यायचे नाही, असा करार असतो, आणि पैसे थेट मालकाच्या खात्यात जमा होतात. त्या बदल्यात मालक जमिनीवर घर बांधत नाही, कुंपण घालत नाही आणि ठरलेल्या नियमांनीच गुरे चारतो. तंबूंची संख्याही बांधलेली असते. नाबोइशोत साधारण साडेतीनशे एकरांमागे एक तंबू. परिणामी सिंहाभोवती गाड्यांचा गराडा पडत नाही. शिवाय अभयारण्यात ज्यांना मनाई आहे, त्या गोष्टी, म्हणजे रात्रीची सफारी आणि वाटाड्याबरोबर पायी फिरणे, इथे करता येतात. 2013 च्या वन्यजीव कायद्याने अशा कॉन्झर्व्हन्सींना रीतसर मान्यताही दिली.

आता त्या तासाभराच्या गावभेटीकडे वळू. ती भेट म्हणजे निव्वळ नाटक, अशी टीका नेहमी होते. ती अर्धीच खरी आहे. पाहुणे आले की लाल शुका पांघरलेले तरुण एका जागी उभे राहून उंच उड्या मारतात, लाकडावर लाकूड घुसळून विस्तव पाडून दाखवतात, आणि मग एखाद्या ठेंगण्या घरात वाकून शिरायला सांगतात. काठ्यांचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, आत चूल, अंधार आणि धूर; हे घर बाईने बांधलेले असते, आणि मसाईंमध्ये घर बांधणे हे बाईचेच काम. पाहुण्यांसाठी आयत्या वेळी मांडलेले म्हणून ते खोटे ठरत नाही. आपली कला विकून कोणी चार पैसे मिळवले, तर त्यात कमीपणाही नाही. खोट आहे ती पैशाच्या वाटपात. प्रवेशाचे पैसे गाडीच्या चालकामार्फत गेले, तर त्यातले बरेचसे वाटेतच मुरतात, ही तक्रार माराच्या परिसरात जुनी आहे. तेव्हा गावभेट करायचीच तर पैसे गावाच्या प्रतिनिधीच्या हाती स्वतः द्यावेत, माळ जिने ओवली तिच्याकडूनच घ्यावी, विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नये आणि मुलांना चॉकलेटे वाटू नयेत. शाळा भरलेली असताना वर्गात शिरून मुलांना गाणी म्हणायला लावणे तर पूर्ण टाळावे. ज्या शाळेत परके लोक रोज अवेळी येतात, तिथे शिकवणार कोण आणि कधी?

कॉन्झर्व्हन्सीत मुक्काम करण्यावर पहिला आक्षेप खर्चाचा. कॉन्झर्व्हन्सीतले तंबू महाग असतात, आणि चाळीस जणांचा गट तिथे मावतही नाही. हे खरे आहे. पण गणित पूर्ण मांडायला हवे. 2024 पासून अभयारण्याचे प्रवेशशुल्क परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर आहे, आणि ते तिकीट अवघ्या 12 तासांचे. ऐन हंगामात अभयारण्यात तीन दिवस फिरले, तर नुसत्या शुल्काचेच 600 डॉलर होतात. वाइल्डबीस्टचे कळप नदी ओलांडताना पाहण्यासाठी एक दिवस अभयारण्यात घालवून उरलेले दिवस कॉन्झर्व्हन्सीत काढले, तर फरक वाटतो तेवढा राहत नाही. जूनमध्ये गेले तर दर आणखी उतरतात आणि प्राणी तरीही भरपूर दिसतात. ज्यांना एवढेही परवडत नाही, त्यांनी तालेक किंवा सेकेनानी या फाटकांजवळ राहावे. तिथेही मसाईंच्या मालकीचे मुक्काम मिळतात. आणि वाटाड्या मसाई, प्रशिक्षित असावा असा आग्रह धरावा. मसाई तरुण-तरुणींना हे शिक्षण देणारी कोइयाकी वाटाड्या शाळा 2005 मध्ये माराच्या परिसरातच सुरू झाली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कॉन्झर्व्हन्सी म्हणजे गोड बोलून केलेले विस्थापनच, असे काही अभ्यासक आणि खुद्द काही मसाईही म्हणतात. जमीन बहुतेक पुरुषांच्या नावावर, म्हणून भाडेही त्यांच्याच हाती. बाई घर बांधते, पण तिच्या नावावर एकरही नसतो. ज्यांच्या वाट्याला तुकडाच आला नाही, त्यांना काहीच मिळत नाही. चराईवर बंधने आल्याने गुरे शेजारच्या जमिनीवर लोटली जातात आणि तिथले गवत संपते. 2020 साली पर्यटन एकाएकी बंद पडले, तेव्हा ‘ठरलेले भाडे’ही ठरलेले राहिले नाही, बऱ्याच ठिकाणी ते घटले. यातला एकही मुद्दा खोडून काढता येत नाही. तरीही तुलना कशाशी करायची, हे पाहावे लागते. सीमेपलीकडे टांझानियात 1959 मध्ये मसाईंना सेरेंगेटीतून उठवून न्गोरोन्गोरोला पाठवले गेले, आणि जून 2022 मध्ये लोलियोंडोतील सुमारे 1,500 चौरस किलोमीटर जमीन आखून घेताना पुन्हा त्यांच्यावर बळाचा वापर झाला. तिथे मसाईंच्या होकाराची गरज सरकारला वाटली नाही. मारात जमिनीचा कागद मालकाच्या हाती आहे, आणि करार संपल्यावर तो नूतनीकरणाला नकार देऊ शकतो. अपुरा का होईना, पण हा हक्क आहे. गावभेटीच्या तिकिटातून असा हक्क मिळत नाही. उणिवा भरून निघतील त्या याच हक्काच्या बळावर, आणि बायकांची नावे कागदावर आणण्याची मागणीही याच चौकटीत करता येईल.

ताडोब्याला जाणाऱ्या मराठी पर्यटकाला हा विचार परका नाही. बफरमधल्या गावाला सफारीच्या पैशातले काय मिळते, हा प्रश्न चंद्रपूर जिल्ह्यात वर्षानुवर्षे विचारला जातो. तोच प्रश्न विमानात बसताना मागे ठेवण्याचे कारण नाही. तेव्हा आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी सहल आयोजकाला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : मुक्कामाची जमीन कोणाच्या मालकीची आहे, मालकाला भाडे कशा हिशेबाने मिळते, आणि तंबूत व गाडीवर काम करणाऱ्यांपैकी स्थानिक किती. ज्याला यातले काहीच सांगता येत नाही, त्याच्या कार्यक्रमपत्रिकेतली ‘गावभेट’ ही ओळ खुशाल खोडावी आणि दुसरा आयोजक शोधावा.