पावाचे यंत्र आणि पहिली दहा मिनिटे

खानापूर भागातील आमच्या ओळखीच्या एका मावशींनी आयुष्यभर नाताळाला घरचा पाव केला. पुढे सांधेदुखीने त्यांची बोटे वाकली आणि मळणे बंद पडले. आखातात नोकरीला असलेल्या मुलाने सुटीवर येताना त्यांच्यासाठी पाव करण्याचे विजेचे यंत्र आणले. मुलगा परत गेला आणि पाव बिघडू लागले. पहिला विटेसारखा घट्ट झाला, दुसरा मध्येच खचला, तिसऱ्याचा तळ ओला व चिकट निघाला. तिन्ही कोंबड्यांपुढे गेले. आम्ही भेटीस गेलो तेव्हा यंत्र माळ्यावर पडले होते. "हात गेले ते गेलेच, फादर. यंत्राला काय कळतंय?" मावशी म्हणाल्या.

वाचकहो, मावशींचे म्हणणे अर्धे खरे होते. यंत्र ठरलेल्या वेळी मळते, ठरलेल्या वेळी ऊब देते आणि ठरलेल्या वेळी भाजते. पिठाचा गोळा कोरडा आहे की सैल, हे मात्र त्याला दिसत नाही. ते पाहण्याचे काम आपलेच राहते. पण त्यासाठी बोटांत बळ लागत नाही, हेही तितकेच खरे.

या यंत्राचा जन्मच मुळी हाताकडून शिकण्यातून झाला. जपानमधील मात्सुशिता कंपनीच्या माणसांना यंत्राने नीट मळता येईना. पावाचे कवच भाजून निघे आणि आतला भाग कच्चा राही. त्यांनी यंत्राच्या व बेकऱ्याच्या गोळ्यांची क्ष-किरण छायाचित्रे ताडून पाहिली, तरी उलगडा होईना. शेवटी कंपनीतील इकुको तानाका या बाईंनी ओसाका येथील एका हॉटेलातील बेकऱ्याच्या हाताखाली उमेदवारी केली. तो गोळा नुसता मळत नाही, तर ताणून पिळतो, हे त्यांनी हेरले. तीच क्रिया यंत्रात उतरवली आणि १९८७ साली ते यंत्र बाजारात आले.

ताणण्यापिळण्याचे एवढे महत्त्व का? गव्हाच्या पिठात पाणी पडून ते मळले गेले की ग्लुटेन नावाचे चिवट जाळे तयार होते. यीस्ट साखर खाऊन वायू सोडते आणि तो वायू या जाळ्यात अडकून पाव फुगतो. पाणी कमी पडले तर जाळे ताणले जात नाही. जास्त झाले तर ते वायूचा भार पेलू शकत नाही.

आता मावशींच्या तीन पावांकडे वळू.

वीट का झाली? मावशींनी पीठ वाटीने, दाबून भरून घेतले होते. एकच कप सैल भरला तर सव्वाशे ग्रॅम पीठ मावते, दाबून भरला तर दीडशे. शिवाय यंत्राबरोबरचे पुस्तक परदेशी मैद्यासाठी लिहिलेले असते; आपले गिरणीचे पीठ त्याहून अधिक पाणी पिते. म्हणून काटा वापरावा. मध्यम आकाराच्या पावाला मैदा २०० ग्रॅम, गव्हाचे पीठ २०० ग्रॅम, पाणी २६० मिलिलिटर, मीठ ६ ग्रॅम, साखर दोन चहाचे चमचे, तेल एक मोठा चमचा आणि इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम घ्यावे. बहुतेक यंत्रांत आधी पाणी व तेल, वर पीठ, कोपऱ्यात मीठ आणि मधोमध खळग्यात यीस्ट घालतात. काही यंत्रांत क्रम उलटा असतो, तेवढे पुस्तकात पाहावे. मळण्याचे पाते बसवले आहे ना, हेही पाहावे. आम्ही स्वतः एकदा ते विसरलो आणि तीन तासांनी भाजलेले पीठ काढले!

एवढे करूनही पहिली दहा मिनिटे यंत्राजवळ बसावे. मळणे सुरू होऊन पाच मिनिटे झाली की झाकण उघडावे. भांड्याच्या कडा स्वच्छ आणि गोळा कानाच्या पाळीसारखा मऊ असेल तर काही करू नये. गोळा फाटत, आपटत असेल तर एक चहाचा चमचा पाणी घालावे. भांड्याला माखत असेल तर मोठा चमचाभर पीठ भुरभुरावे. प्रत्येक वेळी दोन मिनिटे थांबून मगच पुढचा चमचा घालावा. पावसाळ्यात पीठ दमट असते, तेव्हा सुरुवातीलाच पाणी थोडे कमी घ्यावे. शेवटचे फुगणे सुरू झाल्यावर मात्र झाकण उघडू नये.

दुसरा का खचला? तो मे महिन्यात केला होता, आणि तोही कोमट पाण्याने. उकाड्यात यीस्ट धावत सुटते. भाजणी सुरू होण्याआधीच पाव भरमसाट फुगतो आणि बसतो. उन्हाळ्यात फ्रिजमधले पाणी वापरावे व यीस्ट पाव हिश्शाने कमी करावे. मीठ गाळू नये, कारण तेच यीस्टला आवर घालते. यीस्टचा डबा घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवावा. शंका आली तर कोमट साखरपाण्यात थोडे यीस्ट टाकून पाहावे. दहा मिनिटांत फेस आला नाही तर ते फेकून द्यावे.

तिसऱ्याचा तळ ओला का? तो पाव रात्रभर भांड्यातच राहिला. भाजून होताच पाव काढून जाळीवर ठेवावा, नाहीतर त्याचीच वाफ त्याला भिजवते. निदान तासभर कापू नये.

आमच्याकडे वीज जाते, तेव्हा हेही सांगून ठेवतो. मळताना वीज गेली तर गोळा काढून हाताने मळावा. भाजताना फार वेळ गेली तर पाव ओव्हनमध्ये पुरा करावा.

आता प्रकृतीविषयी. वरील पावाचे बारा काप केले तर एका कापात अर्धा ग्रॅम मीठ येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. तेव्हा रक्तदाब असणाऱ्यांनी काप मोजून खावेत. गव्हाच्या पिठाने पावात कोंडा येतो व पोट साफ राहण्यास मदत होते. पण मधुमेह्यांसाठी हा पाव औषध नव्हे. पिष्ट त्यातही आहेच. ज्यांना ग्लुटेन सोसत नाही, त्यांनी तो खाऊच नये.

असो. त्या दिवशी यंत्र माळ्यावरून उतरवले, काट्यावर पीठ तोलले आणि आम्ही दोघे त्यापाशी बसलो. पाचव्या मिनिटाला आम्ही झाकण उघडून पुस्तक चाळू लागलो, तोच मावशींनी कळ दाबून पाते थांबवले आणि वाकडे बोट गोळ्याला लावले. "पाणी मागतंय," त्या म्हणाल्या. दोन चमचे घातले. पुन्हा बोट लावले. "अजून एक." मग त्यांनीच झाकण लावले.

पाव चांगला झाला. अर्धा त्यांनी शेजारी दिला. यंत्र आता माळ्यावर नाही, चुलीशेजारी आहे. तुमच्या घरीही असे एखादे यंत्र धूळ खात पडले असेल, तर ते खाली काढा आणि घरातल्या जाणत्या माणसाला त्याच्याजवळ दहा मिनिटे बसवा.