खलिफाची लेक आणि आपला मराठवाडा

राजघराण्यांच्या वंशावळी पाठ करण्याचा विषय आपल्यापैकी फारच थोड्यांना आवडत असेल. मलाही तो आवडत नाही. परंतु एक वंशावळ अशी आहे, की तिची एक फांदी इस्तंबूलमधून निघून फ्रान्समार्गे थेट आपल्या निजामी मुलखात येऊन टेकली. अर्धापूर ज्या नांदेड जिल्ह्यात आहे, तो जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे ही हकीकत परक्यांची असली तरी तिचा खर्च आपल्याकडचा आहे.

पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान हरले आणि उस्मानी घराण्याचे दिवस भरले. नोव्हेंबर १९२२ मध्ये सुलतानपद रद्द झाले. घराण्यातील अब्दुल मजीद यांना केवळ खलिफा म्हणून ठेवण्यात आले. हे गृहस्थ राजकारणापेक्षा चित्रकलेत व पाश्चात्त्य संगीतात रमणारे होते. ३ मार्च १९२४ रोजी खिलाफतही रद्द झाली व सगळ्या कुटुंबाला देशाबाहेर काढण्यात आले. आपल्याकडे ज्या खिलाफतीसाठी गांधीजींनी व अली बंधूंनी चळवळ उभारली, ती तुर्कांनी स्वतःच मोडीत काढली, हा इतिहासातील एक विचित्र प्रकार म्हटला पाहिजे. शेवटी हे कुटुंब फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस गावी राहू लागले. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी खलिफांना दरमहा ३०० पौंड तनखा बांधून दिला. त्या काळच्या दराने हिशेब करावा, तर हे सुमारे ४,००० रुपये कलदार होतात. ज्या संस्थानात कास्तकाराला सारा भरताना घरातले किडूकमिडूक मोडावे लागे, तेथील राजाचे हे औदार्य!

यातूनच सोयरीक जुळली. १२ नोव्हेंबर १९३१ रोजी नीस येथे निजामांचे थोरले पुत्र आझम जाह यांचा विवाह खलिफांची कन्या दुर्रुशेहवार यांच्याशी, आणि धाकटे मुअज्जम जाह यांचा त्याच घराण्यातील निलोफर यांच्याशी झाला. निजामांजवळ संपत्ती होती, उस्मानी घराण्याजवळ नाव होते. मला तरी हा सरळ व्यवहार वाटतो. पुढे १९३६ च्या करारानुसार आझम जाह यांना ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. बेरार म्हणजे आपले वऱ्हाड! तेथे कारभार इंग्रजांचा, भाषा मराठी, आणि राजपुत्र हैदराबादचा. इस्तंबूलमध्ये जन्मलेली राजकन्या अशा रीतीने अमरावती-अकोल्याची नामधारी युवराज्ञी झाली.

या सोयरिकीची एक खूण मराठवाड्यात उभी आहे. पहिले निजाम, औरंगजेब व मलिक अंबर जेथे चिरनिद्रा घेत आहेत, त्या खुलताबादेत खलिफांच्या दफनासाठी तुर्की धाटणीची एक इमारत बांधण्यात आली. खलिफा १९४४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला वारले. तुर्कस्तानने त्यांचा देह घेण्यास नकार दिला. तो सुमारे दहा वर्षे पॅरिसच्या मशिदीत राहिला आणि १९५४ मध्ये मदिनेत दफन झाला. तोवर हैदराबाद संस्थानच उरले नव्हते. खुलताबादची ती कबर रिकामीच राहिली.

दुर्रुशेहवार यांना दोन पुत्र झाले. थोरले मुकर्रम जाह १९३३ साली नीस येथे जन्मले. आजोबांनी आपल्या मुलाला डावलून या नातवाला वारस नेमले व १९६७ मध्ये ते गादीवर आले. गादी म्हणजे काय, तर कज्जे, देणी आणि शेकडो आश्रित. १९७१ साली तनखेही गेले. हे आठवे निजाम ऑस्ट्रेलियात जाऊन मेंढपाळीचे मोठे रान विकत घेऊन बसले, पुढे तुर्कस्तानात राहिले, व १४ जानेवारी २०२३ रोजी इस्तंबूलला वारले. दफन मात्र हैदराबादच्या मक्का मशिदीत झाले.

या नातवंडांशी आपला संबंध शेवटपर्यंत पैशाचाच राहिला. सप्टेंबर १९४८ मध्ये, पोलीस कारवाईच्या दिवसांत, हैदराबादच्या लंडनमधील खात्यातून सुमारे दहा लाख पौंड पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे वळविण्यात आले. त्यावरील दावा सत्तर वर्षे लोंबकळला. २०१९ साली लंडनच्या न्यायालयाने, तोवर सुमारे साडेतीन कोटी पौंड झालेली ही रक्कम भारत सरकार व निजामांचे दोन नातू यांच्याकडे द्यावी असा निकाल दिला. नातवांचा हक्क कायद्याने ठरला असेल. पण त्या राज्याची तिजोरी भरण्यात नांदेड-परभणीच्या काळ्या जमिनीचा सारा होता, हे कोणत्याही वारसपत्रात लिहिलेले नसते.

निलोफर यांना मूल झाले नाही. त्यांची एक दासी बाळंतपणात उपचाराअभावी दगावली, तेव्हा त्यांनी बायकामुलांच्या दवाखान्याचा ध्यास घेतला. १९५३ मध्ये हैदराबादला निलोफर रुग्णालय सुरू झाले. आदल्याच वर्षी त्यांचा घटस्फोट झाला होता. पुढे १९८९ साली त्या पॅरिसला वारल्या. आमच्या घरातील म्हाताऱ्या माणसांना खलिफा ठाऊक नाही, मुकर्रम जाह ठाऊक नाहीत, पण एखादे तान्हे लेकरू फारच आजारले, की ती म्हणतात, “निलोफरला न्या.”