चहानें हातांत बळ येतें काय?

[नभोवाणीवरील भाषण]

सोलापूरच्या पूर्व भागांत रात्रपाळीच्या वेळीं फेरफटका मारला, तर यंत्रमागांच्या खडखडाटाबरोबर आणखी एक गोष्ट हटकून आढळते. ती म्हणजे चहाची किटली. १८७७ सालीं सुरू झालेली जुनी गिरणी व तिच्या पाठोपाठ उभ्या राहिलेल्या मोठ्या गिरण्या आतां इतिहासजमा झाल्या. त्यांचे भोंगे वाजत नाहींत. पण पाळी राहिली, आणि पाळीबरोबर चहाहि राहिला. मध्यंतरीं चादरी विणणाऱ्या एका वृद्ध विणकरानें मला विचारलें, "मास्तर, चहा पोटांत गेला कीं हातांत बळ येतं. हें बळ चहांतलं, कीं आमच्याच हातांतलं?"

श्रोतेहो, प्रश्न साधा दिसतो. पण उत्तरासाठीं आपणांस थेट स्नायूच्या तंतूंत शिरावें लागेल.

१८८३ सालीं लंडनमध्यें सिडनी रिंगर यांच्या असें ध्यानांत आलें कीं, बेडकाचें काढून घेतलेलें हृदय नळाच्या पाण्यांत केलेल्या खारट द्रावणांत धडधडत राहतें. ऊर्ध्वपातित पाणी वापरलें कीं तें थंडावतें. नळाच्या पाण्यांत चुन्याचा अंश होता, एवढाच काय तो भेद! चुन्यांतील हें कॅल्शियम म्हणजे स्नायूला मिळणारा हुकूम होय. प्रत्येक तंतूच्या आंत पातळ पडद्याच्या पिशव्यांचें जाळें असतें व त्यांत कॅल्शियम कोंडून ठेवलेलें असतें. मज्जातंतूकडून वर्दी आली कीं पिशव्यांच्या झडपा उघडतात. बाहेर आलेलें कॅल्शियम ट्रोपोनिन नांवाच्या प्रथिनाला चिकटतें. आणि ॲक्टिन व मायोसिन यांचे धागे एकमेकांवरून सरकून तंतु आखडतो. कॅल्शियम परत पिशव्यांत भरलें गेलें कीं तो सैल पडतो. ट्रोपोनिनाचा हा उलगडा जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनीं १९६० नंतरच्या दशकांत केला.

आतां या व्यवहारांत कॅफीन, म्हणजे चहा-कॉफींतील उत्तेजक द्रव्य, काय करतें? पहिली गोष्ट अशी कीं, त्याच्या योगानें पिशव्यांच्या झडपा सहज उघडतात. वर्दी नसतांहि तंतु आखडूं शकतो. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. तंतूवरील आवरण काढून टाकलें, म्हणजे आंतील धाग्यांना हवें तितकेंच कॅल्शियम मोजून देतां येतें. १९८३ सालीं ऑस्ट्रेलियांत उंदरांच्या अशा तंतूंवर प्रयोग झाले, तेव्हां कॅल्शियम तितकेंच ठेवूनहि कॅफीनच्या सान्निध्यांत ओढ वाढलेली आढळली. हुकूम पूर्वीच्याच आवाजांत दिलेला, पण ऐकणाऱ्याचे कान तिखट झालेले!

याहूनहि नवलाची गोष्ट दमलेल्या तंतूची. पुनःपुनः आखडवून थकविलेल्या तंतूची ओढ घटते, कारण झडपांतून कॅल्शियम कमी सुटूं लागतें व धाग्यांचे कानहि मंदावतात. त्यावर कॅफीन घातलें कीं तो पुन्हां जोमानें ओढतो. म्हणजे कोठार रिकामें झालेलें नसतें. हें ऐकून आमचे विणकरबोवा म्हणतील, "मी तरी दुसरं काय म्हणत होतों?"

पण येथेंच मेख आहे. प्रयोगशाळेंतील या द्रावणांत दर लिटरला अनेक शतें मिलिग्रॅम, कित्येकदां एक-दोन ग्रॅम कॅफीन असतें. एका कप चहांत असतें चाळीस-पन्नास मिलिग्रॅम, आणि तें सर्व शरीरांतील पाण्यांत पसरल्यावर लिटरमागें मिलिग्रॅमभरच उरतें. रक्तांत लिटरला ऐंशी-शंभर मिलिग्रॅम चढलें तर माणूस दगावूं शकतो. तेव्हां चहा पिऊन स्नायूच्या झडपा उघडूं पाहणाऱ्याचा प्राण आधीं जाईल, झडपा मागाहून उघडतील.

हीं तीव्र द्रावणें निरुपयोगी मात्र नाहींत. कांहीं कुटुंबांत या झडपेंतच आनुवंशिक दोष असतो. भूल देण्याच्या विशिष्ट औषधांनीं अशा माणसाचे स्नायु ताठरून जिवावर बेतेल इतका ताप चढतो. संशय आल्यास स्नायूचा लहानसा तुकडा काढून कॅफीनमध्यें बुडवितात. सदोष तंतु इतरांच्या मानानें फिकट द्रावणांतच आखडतो.

मग विणकराच्या हातांत बळ येतें तें कोठून? मेंदूंतून. जागेपणीं मेंदूंत ॲडिनोसिन नांवाचें द्रव्य सांचत जातें व 'आतां पुरे' अशी सूचना देतें. कॅफीन त्याची जागा अडवितें. सूचना पोहोंचत नाहीं. थेट स्नायूवरहि अल्पसा परिणाम होत असावा असें कांहीं संशोधक मानतात, पण मुख्य करामत मेंदूंतलीच. विणकराला उत्तर द्यायचें तर, "बळ तुमच्याच हातांतलं; चहानें फक्त थकव्याची तक्रार दाबून ठेवली." चहा उतरला कीं ती तक्रार जेथल्या तेथें असते. दमलेला तंतु पूर्ववत् व्हावयास विसांवा आणि अन्न हींच लागतात. 'जेवण राहूं द्या, एक कट सांगा' असें म्हणणाऱ्या घरांत हें कोणीतरी सांगावयास हवें.

१८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहापानावरून केवढें ग्रामण्य माजलें! चहा धर्माला बाधतो कीं नाहीं याचा खल तेव्हां पुष्कळ झाला. झोपेला बाधतो कीं नाहीं हें कोणी विचारलें नाहीं. पोटांत गेलेलें कॅफीन निम्में होण्यास सुमारें पांच तास लागतात. पहांटे चार वाजतां मागापाशीं उभ्यानें घेतलेल्या चहाचा निम्मा अंश सकाळीं नऊ वाजतां, विणकर घरीं येऊन पाठ टेकतो तेव्हांहि, त्याच्या रक्तांत जागाच असतो.