उमेदवारी आणि पोर्टफोलिओ

इंटर्नशिप हा शब्द नवा असला तरी गोष्ट जुनी आहे. तिला मराठीत ‘उमेदवारी’ म्हणत. ‘उमेद’ हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ आशा. कायम नोकरी लागेल या आशेवर कचेरीत बिनपगारी राबणारा, तो उमेदवार. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने नोंदणीकृत शिकाऊंना विद्यावेतन देणे मालकावर बंधनकारक केले. योगायोग असा, की त्याच वर्षी अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली आणि मुंबईत जे.जे.चा उपयोजित कला विभाग स्वतंत्र संस्था झाला. पण स्टुडिओ एखाद्या विद्यार्थ्याला तोंडी बोलीवर ठेवून घेतो, तेव्हा तो त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. त्याच्या हाती असतो फक्त पोर्टफोलिओ.

हा पोर्टफोलिओ म्हणजे चित्रांचा अल्बम नव्हे. पाहणाऱ्याला देखणे काम हवे असतेच. पण त्याहून अधिक हे हवे असते, की हा मुलगा किंवा ही मुलगी विचार कसा करते. समजा, एका विद्यार्थिनीने एसटी स्थानकावरचे वेळापत्रक नव्याने मांडले. केवळ अंतिम फलक दाखवला तर तो रंगसंगतीचा नमुना ठरतो. पण स्थानकावर उभे राहून तिने काय टिपले, प्रवासी आधी वेळ शोधतात की गाव, पहिला आराखडा कुणाला वाचता आला नाही, म्हणून काय बदलले, हे चार चित्रांत आणि आठ ओळींत आले, तर तेच काम पुरावा होते. अशी पाच-सहा कामे पुरतात. सर्वांत भक्कम काम आधी, त्याच्या खालोखालचे शेवटी. गटाने केलेल्या कामात आपला वाटा कोणता, ते स्पष्ट लिहावे.

गेल्या काही वर्षांत मी जे पोर्टफोलिओ पाहिले, त्यांत मला एक गोष्ट खटकत आली आहे. मराठी घरांतल्या मुलांच्या कामातही देवनागरी अक्षर क्वचित दिसते. वास्तविक र. कृ. जोशी जाहिरातक्षेत्रातून आयआयटी मुंबईच्या औद्योगिक आरेखन केंद्रात शिकवायला गेले आणि विंडोजमधला ‘मंगल’ हा टंक त्यांच्या हातून घडला. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींतली शीर्षके अशी रेखाटली, की नाटकाचा स्वभाव अक्षरांतच उमटे. शिरोरेषेखालची लय, वर-खाली जाणाऱ्या मात्रा-उकार, जोडाक्षरांची गर्दी हे प्रश्न सोडवलेले एक जरी काम असले, तरी तो पोर्टफोलिओ वेगळा उठून दिसतो.

अर्ज करताना सरसकट पन्नास ठिकाणी एकच पत्र पाठवू नये. त्या स्टुडिओचे काम आधी पाहावे, त्याच्याशी नाते सांगणारी आपली दोन-तीन कामे निवडावीत आणि पत्र दहा ओळींत संपवावे. बोलावणे आले की चार प्रश्न विचारावेत: मुदत किती, कुणाच्या हाताखाली काम, विद्यावेतन किती, आणि केलेले काम पुढे पोर्टफोलिओत दाखवता येईल का? ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असेल तर महिन्यांची मेहनत दाखवताच येत नाही. म्हणून हा चौथा प्रश्न महत्त्वाचा.

तिसरा विचारायला मुले कचरतात. पण सगळे अडते तिथेच. मुंबई-पुण्यात स्वतःचे घर असलेला विद्यार्थी सहा महिने बिनपगारी काढू शकतो. नांदेडहून किंवा चंद्रपूरहून आलेल्याला खोलीभाडे आणि खाणावळ भरावी लागते. मग चांगल्या स्टुडिओचे नाव पोर्टफोलिओत कुणाच्या येते, ते गुणांवर नव्हे, घराच्या पत्त्यावर ठरते. मागाहून ते नाव पाहून नोकरी देणाऱ्याला मात्र तो गुणच वाटतो. म्हणून विद्यावेतनाचा आकडा विचारणे हा आगाऊपणा नाही. आणि न विचारताच तो आकडा जाहिरातीत छापणे, हे उमेदवार ठेवणाऱ्याचे काम आहे.