ऑपरेशन पोटाचं, दुखतो घसा!

दोस्तांनो, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेल्या मित्राला भेटायला कधी गेलात, तर त्याला जरूर विचारा, "काय रे, घसा दुखला का?" कदाचित तो 'हो' म्हणेल! पोट कापलं डॉक्टरांनी, मग घशाने काय घोडं मारलं होतं?

त्याचं उत्तर आहे एका नळीत. अशा ऑपरेशनच्या वेळी पूर्ण भूल देतात. स्नायू सैल पडावेत म्हणूनही औषध देतात. त्याने श्वास घेणारे स्नायूसुद्धा थांबतात. शिवाय खोकला आणि ठसका हे आपले पहारेकरीही झोपी जातात. अशा वेळी पोटातलं अन्न वर आलं, तर ते फुप्फुसात शिरू शकतं. ते फार धोक्याचं! म्हणून आपण गाढ झोपलो की भूलतज्ज्ञ डॉक्टर तोंडातून श्वासनलिकेत प्लॅस्टिकची नळी घालतात. यंत्र तिच्यातून श्वास पुरवतं. नळीच्या टोकाजवळ बहुधा एक इवलासा फुगा असतो. तो फुगवला की बाजूची फट बंद! ऑपरेशन संपून आपला श्वास नीट सुरू झाला की नळी काढतात. मागे उरते ती खवखव, कारण नळी आतल्या नाजूक अस्तराला घासलेली असते.

१८७८ साली ग्लासगोच्या विल्यम मॅकेवेन या सर्जनने घसा न कापता, तोंडातून अशी नळी घालून भूल दिली. ती नळी होती धातूची, आणि रोगी तेव्हा चक्क जागा होता! आपलं बरंच बरं म्हणायचं, नाही का?

ही खवखव बहुधा दोन-तीन दिवसांत जाते. डॉक्टरांनी परवानगी दिली की घोट घोट पाणी प्यावं. मात्र श्वास घ्यायला त्रास झाला, गिळता येईना किंवा थुंकीतून रक्त आलं, तर पालकांनी ताबडतोब डॉक्टरांना कळवावं. आवाज आठवडाभर बसलेलाच राहिला, तरीही दाखवावं.

आणि मुलांनो, ऑपरेशनपूर्वी तीन गोष्टी डॉक्टरांना सांगायच्याच. दात हलतोय का? सर्दी-खोकला आहे का? आणि उपाशी राहायला सांगितलेलं असताना गुपचूप काही खाल्लंय का? एक बिस्किट खाल्लं असेल, तरी सांगून टाका. ऑपरेशन थोडं पुढे जाईल, आई कदाचित रागावेल. रागावू दे! तुमचा श्वास सुरक्षित राहणं जास्त महत्त्वाचं.